आयोवातील शेतीच्या गावात तीन वर्षे राहायचे आहे : गावाचा स्वभाव कसा ओळखावा?

रानजाई (प्रश्न)

मी मूळची कराडची असून सध्या शिकागोजवळ फॅमिली मेडिसिनचे प्रशिक्षण संपवीत आहे. जे-वन व्हिसावर आलेल्या डॉक्टरला प्रशिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट असते, आणि ती माफ करून घ्यायची तर डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे काम करावे लागते, हे येथील अनेकांना ठाऊक असेलच. प्रत्येक राज्याला वर्षाकाठी अशा ३० जागा मिळतात. त्यांपैकी एक मला आयोवाच्या पश्चिम-मध्य भागात, ग्रीन काउंटी या जिल्ह्यातील जेफरसन गावी मिळण्याची शक्यता आहे. गावाची वस्ती ४,२०० च्या आसपास आहे.

मार्चमध्ये मुलाखतीसाठी जाऊन आले. मध्यभागी कोर्टहाउस, त्याच्यासमोर लिंकनचा पुतळा, शेजारी उंच घंटामनोरा आणि चौकाभोवती विटांची दुकाने, त्यांपैकी काही बंद. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीतल्या माणसाने स्टिअरिंगवरचे एक बोट उचलून मला नमस्कार केला, आणि एवढ्या अनोळखी माणसांनी ओळख दाखवलेली पाहून मला आनंदापेक्षा संकोचच अधिक वाटला. माझे पती घरूनच काम करतात. मुलगी नऊ वर्षांची आहे.

थंडी किती पडते आणि किराणा कोठे मिळतो, ही माहिती मी मिळवली आहे. मला जाणून घ्यायचे आहे ते वेगळेच. अशा गावात माणसाची पारख कशावरून होते, कोणते बोलणे चालते आणि कोणते चालत नाही, आणि तीनच वर्षांसाठी आलेल्या, वेगळ्या रंगाच्या व वेगळ्या धर्माच्या कुटुंबाला तेथे नेमकी कोणती जागा मिळते? अनुभव असणाऱ्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

काळी माती

ताई, मी जालन्याचा. मक्याच्या वाणांच्या पैदाशीचे काम करतो आणि आयोवात १७ वर्षे काढली आहेत, त्यांतील १२ तुमच्या गावापेक्षाही लहान गावात. प्रश्न स्वभावाचा आहे, परंतु उत्तर मी जमिनीपासून सुरू करतो, कारण तेथील माणसांच्या बऱ्याच सवयी मला जमिनीची आखणी कळल्यानंतरच उमगल्या.

आपल्याकडे शेतकरी गावठाणात राहतो आणि सकाळी वावरात जातो. आयोवात नेमके उलट आहे. १७८५ च्या कायद्यातील पद्धतीने हा सारा प्रदेश वस्ती होण्याआधीच कागदावर चौकोनांत कापला गेला : सहा मैल लांब-रुंद टाउनशिप, तिचे ३६ भाग, प्रत्येक भाग एक चौरस मैलाचा म्हणजे ६४० एकरांचा, आणि साधारणपणे दर मैलाला सरळ रस्ता. शेतकऱ्याने आपल्या तुकड्यावरच घर बांधले. त्यामुळे गाव हे शेतकऱ्यांचे राहण्याचे ठिकाण नसून त्यांच्या येण्याचे ठिकाण आहे. धान्य घालायला, कर्ज काढायला, दस्त नोंदवायला, मुलांना शाळेत सोडायला ते तेथे येतात. गावात प्रत्यक्ष राहतात ते शिक्षक, परिचारिका, मेकॅनिक, बँकेतील कर्मचारी, आणि शेत मुलाच्या हाती सोपवून आलेले वृद्ध शेतकरी. शेतीचे गाव म्हणून गेलात आणि शेजारी एकही शेतकरी नाही असे दिसले, तर आश्चर्य मानू नका. परंतु त्या सगळ्यांचे उत्पन्न पावसावर आणि मक्याच्या भावावर हलत असते, हेही विसरू नका.

दुसरी गोष्ट जमिनीखालची आहे. ग्रीन काउंटी ज्या पट्ट्यात येते तेथील काळी जमीन मुळात पाणथळ होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लोकांनी तिच्यात मातीच्या भाजलेल्या नळ्या पुरून पाण्याचा निचरा केला, म्हणून ती पिकाखाली आली. आता प्लॅस्टिकचे नळ वापरतात, तरी लोक त्यांना अजून 'टाइल'च म्हणतात. माझ्या शेतातील पाणी शेजाऱ्याच्या जमिनीखालून, त्याचे त्याच्या शेजाऱ्याच्या जमिनीखालून, शेवटी सामायिक चरात आणि नदीत. त्या चरांचा खर्च सर्वांनी मिळून द्यायचा असतो. ज्याच्याशी वैर आहे त्याच्याच जमिनीतून आपले पाणी जाणार असेल, तर माणूस वैर तोंडावर आणत नाही. तेथील लोकांचा अतिशय सौम्य, काहीसा बंद वाटणारा शिष्टाचार मला या नळ्यांतून आलेला वाटतो. कोणी याला माझी पैदासकाराची कल्पनाशक्ती म्हणेल, तर म्हणू द्या.

या शिष्टाचाराचे व्याकरण मात्र शिकावे लागते. पीक उत्तम असेल तर शेतकरी म्हणतो, 'वाईट नाही.' आयोवाचा मक्याचा सरासरी उतारा अलीकडे एकरी २०० बुशेलच्या आसपास असतो, म्हणजे सुमारे ५० क्विंटल. आपल्याकडे एवढी रास पडली तर पेढे वाटले जातील. तेथे 'वाईट नाही.' हेच दुखण्याबाबतही समजा. सुगीच्या दिवसांत, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत, एखादा साठीचा शेतकरी 'खांदा जरा धरलाय' म्हणून दवाखान्यात आला, तर तो आला हीच मोठी खूण समजा आणि हृदयाचा आलेख आधी काढा. कंबाइन शेतात उभे करून कोणी हौसेने येत नाही. वसंतातही तेच. वाफसा आला की पेरणी यंत्राचे दिवे रात्रभर दिसतात आणि ठरलेल्या भेटी न कळवता रद्द होतात. त्याचा राग मानू नये.

जमीन किती आहे, हा प्रश्न कोणालाही विचारू नका. आपल्याकडे सोयरीक जुळवताना तो पहिला असतो. तेथे तो बँकेतील शिल्लक विचारण्यासारखा आहे. आयोवातील निम्म्याहून अधिक शेतजमीन खंडाने किंवा बटईने कसली जाते, आणि मालक पुष्कळदा गावातील एखादी नव्वदीची विधवा किंवा तिची दूर शहरांत गेलेली मुले असतात. त्या आजी वारल्यावर जमीन कोणाकडे जाणार, कसणारा तोच राहणार की बदलणार, यावर दोन-तीन कुटुंबांचे भवितव्य ठरलेले असते. अंत्यविधीच्या जेवणात हा विषय कोणाच्याही ओठांवर येत नाही आणि प्रत्येकाच्या मनात असतो.

एक गमतीची गोष्ट सांगतो. जनमत चाचण्यांचे नाव ज्याच्या नावाशी कायमचे जोडले गेले, तो जॉर्ज गॅलप १९०१ साली तुमच्याच जेफरसनमध्ये जन्मला. ज्या गावात सरळ विचारून कोणाचे मत कळत नाही, त्याच गावातल्या माणसाने मते मोजण्याचे शास्त्र उभारावे, यात मला एक न्याय दिसतो.

तुमच्या मुलीसाठी आणखी एक. ती चौदा वर्षांची होईपर्यंत तुम्ही तेथे राहिलात, तर तिच्या मैत्रिणी जुलैत बियाण्याच्या मक्याचे तुरे काढायला जाताना दिसतील. मादी ओळींतील तुरे यंत्राने काढल्यावर जे उरतात ते हाताने काढावे लागतात, आणि हे काम शाळकरी मुले करतात; पहाटेचे दव, पात्यांनी कापलेले हात, दुपारचे ऊन. डॉक्टरची मुलगी असो वा ट्रकचालकाची, हे काम केल्याची आठवण पुढे सगळे अभिमानाने सांगतात. जालन्यात कपाशीच्या संकरासाठी हाताने फुले खुडणाऱ्या बायका मी लहानपणी पाहिल्या होत्या, म्हणून मला ते दृश्य परके वाटले नाही. आमच्या जालन्याचे बियाणे उद्योजक बद्रीनारायण बारवाले यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, तो आयोवातच, डे मॉइनमध्ये. आणि तो पुरस्कार सुरू करणारे नॉर्मन बोरलॉग हे आयोवाच्याच क्रेस्को गावाजवळच्या शेतात वाढले. बियाण्याच्या व्यवसायातील वयस्क माणसे भेटली, तर हा धागा सांगून पाहा. बोलणे हवामानाच्या पुढे सरकते.

ओसरी

वरील प्रतिसाद शेतकऱ्याच्या बाजूने उत्तम आहे. मी गावाच्या आतल्या बाजूने लिहिते. मी आठ वर्षे आयोवातील एका काउंटीच्या गावी बदली शिक्षिका म्हणून काम केले. तुमच्या 'पारख कशावरून होते' या प्रश्नाचे माझे उत्तर एका शब्दाचे आहे : हजेरी.

तुम्ही काय शिकलात, किती कमावता, कोणत्या देवाला मानता, यापेक्षा तुम्ही कोठे कोठे दिसता, हे लोक लक्षात ठेवतात. शुक्रवारी रात्री शाळेच्या फुटबॉल सामन्याला, जुलैत काउंटीच्या जत्रेला, अग्निशमन दलाच्या पॅनकेक न्याहारीला, शाळेच्या बँडच्या कार्यक्रमाला. अग्निशमन दल बहुतेक ठिकाणी स्वयंसेवकांचे असते, त्यामुळे तुमच्या घराची आग विझवायला येणारा माणूस एरवी तुमची गाडी दुरुस्त करणाराच असतो. खेळातले काही कळत नसले तरी बाकावर बसावे. मुलींच्या बास्केटबॉलविषयी तर वयस्क बायकांना अवश्य विचारा. आयोवात मुली प्रत्येक बाजूला सहा खेळाडू घेऊन खेळत आणि तिघी चढाईच्या, तिघी बचावाच्या अर्ध्या भागात असत; कोणालाच मध्यरेषा ओलांडता येत नसे. तो प्रकार १९९३ पर्यंत चालू होता, आणि ज्या गावांत मुलांच्या संघाला कोणी विचारत नसे, तेथे मुलींचा सामना पाहायला सारे गाव लोटे. सत्तरीच्या आजीबाई हा विषय निघाला की दहा वर्षांनी तरुण होतात.

चर्चविषयी स्पष्ट लिहिते, कारण तुमचा खरा प्रश्न तोच असावा. पहिल्या महिन्यात तुम्हाला किमान तीन जण विचारतील की तुम्ही कोणत्या चर्चला जाता. हा प्रश्न धर्मांतराचा नसतो. आपल्याकडे 'तुम्ही कोणत्या गावचे?' असे विचारतात, तसाच तो माणसाला कोठे बसवावे हे ठरवण्याचा प्रयत्न असतो. मेथडिस्ट, ल्यूथरन, कॅथलिक हे तेथील वाडे आहेत असे समजा. बुधवारची संध्याकाळ चर्चच्या मुलांच्या वर्गांसाठी राखलेली असते आणि शाळाही त्या दिवशी सहसा कार्यक्रम ठेवत नाहीत. 'आम्ही हिंदू आहोत, आणि मॅड्रिडच्या मंदिरात जातो' असे मी सांगत असे. हे मॅड्रिड साधारण तासाभराच्या अंतरावर आहे, मक्याच्या शेतांच्या मधोमध तेथे मंदिर आहे, आणि गावाच्या नावातील पहिल्या अक्षरावर जोर द्यायचा असतो. स्पेनसारखा उच्चार केलात तर परकेपणा मंदिरामुळे नव्हे, उच्चारामुळे उघड होईल.

आजारपण, बाळंतपण किंवा मृत्यू झाला की दारात झाकलेली भांडी येतात. भांड्याच्या तळाला चिकटपट्टीवर नाव लिहिलेले असते. ते भांडे धुऊन परत करायचे, आणि आपल्या रीतीप्रमाणे रिकामे दिले नाही तर फारच उत्तम. मी शंकरपाळे घालून देत असे. शाकाहाराचे मात्र हाल होतात. डुकराचे मांस तेथे इतके सर्वव्यापी आहे की फरसबीच्या भाजीतही ते निघते, आणि 'यात मांस नाही' म्हणून वाढणाऱ्या बाईंना मांसात कोंबडीही मोजायची असते हे ठाऊक नसते. सामुदायिक जेवणाला आपले एक मोठे पातेले घेऊन जावे आणि त्यावर चिठ्ठी लावावी. माझा मसालेभात दोन वर्षे अर्धा उरत होता, तिसऱ्या वर्षी लोक 'भात आणणार ना?' असे आधी विचारू लागले. उन्हाळ्यात रस्त्याकडेला टेबलावर गोड मक्याची कणसे आणि पैशांचा डबा ठेवलेला असतो, विकणारा नसतो. तेवढे एक सुख शाकाहाऱ्याला निर्भेळ मिळते.

अनेक गावांत दुपारी बाराला भोंगा वाजतो. वादळाच्या इशाऱ्याचाच तो भोंगा असतो. पहिल्या दिवशी मी मुलांना घेऊन तळघरात गेले होते, आणि ही गोष्ट चार वाजेपर्यंत सगळ्या गावाला कळली होती.

पाणलोट

दोन्ही प्रतिसाद वाचून असे वाटू शकते की सौम्यता, हजेरी आणि झाकलेली भांडी यांवर गाव चालते. मी त्याच राज्यात माती आणि पाण्यावर संशोधन केले आहे, आणि मला या चित्रात एक मोठी जागा रिकामी दिसते : ही गावे आकसत चालली आहेत, आणि त्यांचा स्वभाव त्या आकसण्यातूनही घडला आहे.

ग्रीन काउंटीत १९०० साली सतरा हजारांहून अधिक लोक होते. २०२० च्या जनगणनेत ही संख्या नऊ हजारांच्या खाली आली. यंत्रे मोठी झाली, शेते मोठी झाली, माणसे कमी लागू लागली, हे कारण सर्वांना माहीत असते. परंतु ज्या पिढीचे लोक आज तुमचे रुग्ण असतील, त्यांच्या मनावरचा घाव १९८० च्या दशकाचा आहे. सत्तरच्या दशकात सरकारने आणि बँकांनी 'पेरा, वाढवा, कर्ज घ्या' असा धोशा लावला होता. मग व्याजदर आकाशाला भिडले, जानेवारी १९८० मध्ये सोव्हिएत संघाला धान्य विकण्यावर बंदी आली आणि जमिनीचे भाव कोसळले. आयोवात १९८१ मध्ये सरासरी एकराला २,१४७ डॉलर भाव होता, तो १९८६ मध्ये ७८७ वर आला. ज्या जमिनीवर कर्ज काढले तिची किंमतच कर्जाहून कमी झाली. लिलाव झाले, आत्महत्या झाल्या. विदर्भातील घरांत बसून मी जे ऐकले होते, त्याची लाज आणि त्याचे मौन मला तेथे जसेच्या तसे आढळले. ज्याचा लिलाव झाला आणि ज्याने लिलावात बोली लावली, ती दोन्ही कुटुंबे आजही एकाच चर्चमध्ये बसतात. काळी माती ज्याला 'बंद शिष्टाचार' म्हणतात, त्यात नळ्यांपेक्षा या आठवणीचा वाटा अधिक आहे, असे माझे मत आहे.

नळ्यांचाच विषय निघाला म्हणून सांगतो. त्याच नळ्या खताचे नायट्रेट रॅकून नदीत नेतात, आणि जेफरसनच्या दक्षिणेकडून वाहणारी ही नदी पुढे डे मॉइनच्या पिण्याच्या पाण्यात मिसळते. शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने २०१५ मध्ये वरच्या भागातील तीन काउंट्यांच्या निचरा विभागांवर दावा लावला. तो २०१७ मध्ये फेटाळला गेला. त्याच वर्षी स्टॉर्म लेक या लहान गावच्या वृत्तपत्राला या प्रकरणावर निर्भीडपणे लिहिलेल्या अग्रलेखांसाठी पुलित्झर पारितोषिक मिळाले. शेजाऱ्यांचे हितसंबंध दुखावतील असे लिहिणारा संपादकही अशाच गावात निपजतो, हे लक्षात ठेवावे. मात्र जेवणाच्या टेबलावर नायट्रेटचा विषय तुम्ही काढू नये. डॉक्टरने काढला तर तो वैद्यकीय न राहता राजकीय होतो.

आणि सर्व गावे सारखी नसतात. तुमच्यापासून फार लांब नसलेल्या पेरीमध्ये मांसप्रक्रियेचा कारखाना होता. तेथे निम्मे शाळकरी चेहरे स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतले दिसतात. तो कारखाना २०२४ च्या जूनमध्ये बंद झाला आणि सुमारे १,३०० जणांचे काम गेले. तेथील स्थलांतरित कामगाराला मिळणारी वागणूक आणि डॉक्टर म्हणून तुम्हाला मिळणारा मान यांत फरक असेल. तो मान खरा असेल, परंतु त्यावरून गाव सगळ्यांशी असेच वागते असा निष्कर्ष काढू नका.

रानजाई

तिघांचेही मनापासून आभार. 'वाईट नाही' या शब्दांचा वैद्यकीय अर्थ मी टिपून ठेवला आहे. पाणलोट यांचे म्हणणे वाचून मला आजोबांची आठवण झाली. कर्जाचा विषय निघाला की ते उठून गुरांकडे जात, आणि आम्हा मुलांना वाटे की गुरांनाच काही झाले आहे.

आणखी एक शंका आहे. तीन वर्षांसाठी घर भाड्याने घ्यावे की विकत? पती म्हणतात भाड्याने. मला वाटते की भाड्याचे घर घेतले तर पहिल्याच दिवशी आम्ही जाण्याची तारीख सांगून टाकल्यासारखे होईल.

ओसरी

तुमचा अंदाज बरोबर आहे, आणि शिवाय अशा गावांत भाड्याची चांगली घरे मोजकीच असतात. 'किती दिवस राहणार?' हा प्रश्न तुम्हाला विचारला जाईलच, कारण तीन वर्षांची मुदत भरून गेलेले डॉक्टर बऱ्याच गावांनी पाहिले आहेत आणि नव्या डॉक्टरवर जीव लावायचा की नाही, हे लोक त्या उत्तरावरून ठरवतात. खोटे बोलू नका. 'मुलीला शाळा आवडली तर पाहू' एवढे उत्तर पुरते.

घर विकत घेतलेत तर तळघर कोरडे आहे का, हे एप्रिलच्या पावसात जाऊन पाहा. आणि ते घर तुमच्या नावाने ओळखले जाईल अशी अपेक्षा ठेवू नका. ज्या कुटुंबाने ते चाळीस वर्षांपूर्वी विकले असेल, त्यांच्याच नावाने सारे त्याला ओळखतील. मी सुरुवातीला दुरुस्ती करीत असे. नंतर बर्फ काढणाऱ्याला फोन करताना मीही तेच जुने नाव सांगू लागले, म्हणजे तो दुसऱ्यांदा पत्ता विचारत नसे.